धैर्यशीलची चेष्टा

साहेब, दोष तुमचा होता. “विचारत काय बसायचं? निवृत्त लोकांची कॉम्प्युटरवरची खाती एका फटक्यात उडवणारी स्क्रिप्ट दे,” असं तुम्हीच फर्मावलंत. मी दिली. तिने कामावरच्या एका माणसाचंही खातं उडवलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर बोट माझ्याकडे केलंत. का? मी घरी बसून, स्वतःच प्रोग्रामिंग शिकले म्हणून?

दुपारी तो माणूसच इथे उत्तरेत, हजरतगंजच्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलापुढे उभा. घामाघूम… डोळ्यांत मात्र हसू.

“रुचा जी? मैं धैर्यशील. आपने मुझे डिलीट कर दिया है.”

“मराठी ना तुम्ही?”

“हो… थोडं थोडं. बाबा फौजेत, मी इथेच तेलीबागेत वाढलो.”

खातं परत आणलं, तरी हा हलेना. मी स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घालत होते. एक, पुसण्याआधी ‘नक्की?’ असं विचारणं. दुसरी ड्राय रन : काही न पुसता, काय पुसलं असतं तेवढंच सांगणं. तो वाकून स्क्रीन वाचू लागला.

“‘धैर्यशील यांचं खातं काढलं असतं.’ असतं… म्हणजे काढलं नाही?”

“नाही. नुसतंच असतं.”

झालं! त्याला खेळच मिळाला. रोज चहाच्या वेळी हजर. “आज तुला गंजमध्ये फिरायला नेलं असतं.” “झुमके छान दिसतात, म्हटलं असतं…” मी हसायचे, आणि विकास नगरला घरी जाताना ऑटोत चिडायचे. हा कधी काही करणार आहे की नाही?

मग त्याची नागपूरला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी, ऑफिसच्या पायऱ्यांवर तो अडखळला, “रुचा, मी तुला लग्नाचं विचारायची… चेष्टा करतोय.”

“चेष्टा?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी चेष्टा करतोस? जा नागपूरला!”

मी तरातरा निघाले. त्याने धावत येऊन माझ्या बॅगेचा पट्टा धरला.

“अरे यार, चेष्टा! कोशिश! कब से कर रहा हूँ, हिम्मत ही नहीं होती!”

हिंदीतली चेष्टा… म्हणजे प्रयत्न. कपाळ माझं!

त्याचे कान लाल झाले होते. माझेही असणार.

“हे बघ,” मी म्हणाले, “माझ्या आईला तुझी हिंदी चेष्टा कळायची नाही. साध्या मराठीत मागणी घालायची, माझ्या घरी, आजच. नागपूरला काम मी माझं शोधेन. ऑटो समोर उभी आहे… येतोस की नाही? बोल!”