आठ आठवड्यांची मुदत

एस्बेन पहिल्यांदा भेटला तो समितीच्या दारात, ओल्या बुटांनी आणि काखेत वाम मासे पकडायचं जुनं जाळं घेऊन.

"हे आत न्यायचंय," तो म्हणाला.

"जाळं?"

"ब्रुसेल्सवाल्यांच्या कागदावर ते फार मोठं दिसतं. बघू देत की, केवढंसं आहे..."

मी हसले. तिथंच फसले.

मी सिल्ये, कोपनहेगनच्या संसदेत युरोप समितीची कारकून. ब्रुसेल्सहून कायद्याचा मसुदा आला की देशोदेशींच्या संसदांना आठ आठवडे मिळतात. 'हे आमचं आम्ही बघू' अशी पत्रं पुरेशी गेली, तर मसुद्याचा फेरविचार होतो. या मसुद्यात वामीची मासेमारी सरसकट बंद होणार होती. एस्बेनच्या बेटावर तीनच होड्या उरल्या होत्या, त्यातली एक त्याची.

समितीनं त्याला पंधरा मिनिटं दिली. त्यानं नऊच वापरली. पण पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा बैठक ऐकायला आला, त्याच्या पुढच्याही. आमच्या कचेरीत शुक्रवारी पाळीपाळीनं ताजा पाव आणतात. बैठकीनंतर तो तिथं कॉफीला थांबू लागला, आणि माझी पाळी नसतानाही मी पाव आणू लागले. तुला हल्ली पाव फारच आवडायला लागलाय, असं शेजारच्या टेबलावरच्या विबेकेबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या तेव्हा मी कानापर्यंत लाल झाले. एस्बेननं माझ्या बाहीला लागलेलं लोणी अंगठ्यानं पुसलं... आणि हात लगेच काढला नाही.

"जमेल ना गं?" चौथ्या शुक्रवारी त्यानं विचारलं.

"समिती तुमच्या बाजूनं आहे."

ते खरं होतं, पण अर्धंच. कुठली संसद पत्र पाठवणार, याची यादी माझ्याच टेबलावर असायची. प्रत्येक देशाच्या संसदेला दोन मतं, आणि फेरविचाराला अठरा लागत होती. आमची दोन धरून पाच जमली होती, आणि बहुतेकांनी आपण लिहिणार नसल्याचं कळवलंही होतं. हे सांगितलं असतं तर तो शुक्रवारी कशाला आला असता? मी नाही सांगितलं.

सहाव्या आठवड्यात तो खुशीत होता. बेटाच्या फेरीबोटीवर सुकाणू धरायची नोकरी चालून आली होती, ती त्यानं नाकारली होती. आपलं पत्र जातंय म्हटल्यावर होडी कशाला सोडायची, असं त्याचं म्हणणं. बोलायची वेळ तीच होती. मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

आमचं पत्र वेळेत गेलं. एकूण मतं पडली सात. आठव्या शुक्रवारी मी त्याला आकडा सांगितला.

"तुला कधी कळलं?"

"चौथ्या आठवड्यात."

"म्हणजे नोकरीचं सांगितलं तेव्हा..."

"माहीत होतं. तू यायचा थांबशील अशी भीती वाटली. मला तू आवडतोस, एस्बेन. फार."

त्यानं टोपी उचलली.

"पहिले दोन शुक्रवार मी होडीसाठी आलो होतो," तो म्हणाला. "बाकीचे तुझ्यासाठी. सांगितलं असतंस तरी आलोच असतो... आता नाही जमायचं."

पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात ठेवलेलं जाळं घेऊन तो पावसात गेला. संध्याकाळच्या फेरीबोटीनं तो घरी पोचला असेल. सुकाणूवर दुसराच कुणी असेल.