दोन श्वासांच्या मधे

थोरलीचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला होता. मोजलं की तिला धीर यायचा. म्हणून सकाळपासून ती बाबांच्या उशाशी घड्याळ घेऊन बसली होती.

"आधी श्वास भरभर चालेल, मग मोठा होईल, मग थांबेल," नर्सबाईंनी समजावलं होतं. "थांबला की घाबरू नका, परत लागतो. त्यांना त्रास नसतो. बघणाऱ्याचाच जीव खालीवर होतो."

अकरा वाजता श्वास मधे वीस सेकंद थांबत होता. जेवणवेळेला तीस. तीनच्या सुमाराला चाळीस झाले, आणि त्या चाळीसात तिला दुसरा श्वास ऐकू आला.

बारीक, भराभर. जिना धावत चढून आल्यासारखा. पलंगाच्या पलीकडून, खिडकीच्या अंगाने.

तिने पंखा बंद केला. मग स्वतःचा श्वास रोखून पाहिला. बाबा पुन्हा थांबले तसा तो पुन्हा आला.

"बाई, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

नर्सबाई टॉवेलच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी कालपासून त्या बाजूला जात नाही."

बाबांनी डोळे उघडले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. नजर थोरलीवरून सरकत खिडकीकडे गेली.

"आलीस? किती गं धाप लागलीय. बस जरा."

सहा वर्षांची धाकटी तळ्यात बुडून गेली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम थोरलीचं होतं. बाबा तिला कधी एका शब्दाने बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून घरात कुणी धाकटीचं नावही काढलं नव्हतं.

"बाबा, माझं चुकलं हो," ती म्हणाली. एवढ्या वर्षांनी.

त्यांनी तिचा हात चाचपून धरला आणि श्वास सोडला.

साठ सेकंद. नव्वद. दोन मिनिटं.

तिने मोजणं सोडून दिलं. पलीकडचा श्वासही थांबला होता. नेली बाबांनी तिला बरोबर, असं वाटून थोरलीला रडू फुटलं.

रडू ओसरल्यावर ती खिडकी उघडायला गेली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. काचेवर आतून, लहान मुलीच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा ठिपका होता.

तो विरला.

मग पुन्हा उमटला.