बंद घरातला चालू बॉक्स

हे खरं घडलं आहे.

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी सांगत नाही. पण ही माझ्या आईची आहे, आणि दुसरीकडे कुठे सांगावी ते मला कळत नाही.

जागा, शिरूर अनंतपाळमधलं आमचं घर. वेळ रात्रीची नव्हती. रविवारची भर दुपार होती.

आईबरोबरचा शेवटचा साधा दिवसही रविवारच होता. मी नांदेडहून तिची औषधं घेऊन गेले होते. धपाटे खाऊन झाले होते. आई टीव्हीसमोर बसून डाळ निवडत होती. तो टीव्ही आणि त्याचा इंटरनेटवर चालणारा बॉक्स दादानं पुण्याहून पाठवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे आवर्जून सांगायची.

मी हात धुवायला परसात गेले. परत आले तर तिचा फोन वाजत होता. दादाचा.

"बघ," ती म्हणाली, "लई काम असतं त्याला. पर रविवार चुकवत न्हाई."

मी माझा फोन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तिला माती दिल्यावर घर मीच आवरलं. फ्रिज रिकामा केला, मेन स्विच खाली पाडला, कुलूप लावलं. चावी शेजारच्या हाजराबीकडे दिली. ती आईची, माझ्या जन्माआधीपासूनची मैत्रीण.

काही महिन्यांनी दादाचा फोन आला. आई गेल्यानंतरचा पहिलाच.

आईच्या घरात कुणीतरी टीव्ही बघतंय, असं त्याचं म्हणणं. खातं त्याच्या नावावर असल्यानं बॉक्स चालू झाल्याचे मेसेज त्यालाच जात होते.

"हाजराबीच असणार. चावी काढून घे, नाहीतर मी पोलिसात देतो. तुमच्याच कंपनीचा बॉक्स आहे ना? मग बघ की जरा."

मी त्याच कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये, नांदेडच्या ऑफिसात काम करते. तक्रार आली की आम्ही आधी ग्राहकाच्या खात्याचा लॉग उघडतो. बॉक्स कधी चालू झाला, कोणतं चॅनल लागलं, रिमोटचं कोणतं बटण दाबलं, सगळं ओळीनं दिसतं. ग्राहक शपथ घेऊन सांगतो की आम्ही कशालाच हात लावला नाही, आणि लॉगमध्ये त्याच्याच घरातला उद्योग सापडतो.

हाजराबीवरचा आळ पुसायचा म्हणून मी आईचं खातं उघडलं.

नोंदी होत्या...

फक्त रविवारच्या.

बॉक्स चालू. आईचं भजनाचं चॅनल. लगेच आवाज बंद. मग बराच वेळ काहीच नाही... मग बॉक्स बंद.

शेजारच्या खुर्चीवरची सदफ वाकून बघत होती.

"ताई, आवाज बंद करून कोण भजन ऐकतं?"

मी मागच्या नोंदी काढल्या. आई जिवंत होती तेव्हाच्या.

त्यांतले रविवारही तसेच होते.

पुढच्या रविवारी मी शिरूरला गेले. हाजराबीनं चावी माझ्या हातावर ठेवली. दादानं तिलाही फोन केला होता.

"तू झालीस तवा तुझ्या आईचं बाळंतपण म्याच केलं," ती म्हणाली. "आता मी चोर का, बेटा?"

मी मान खाली घातली. मग आई टीव्हीचा आवाज का बंद करायची, ते तिला विचारलं.

"तिला कमी ऐकू यायचं ना. पोराचा फोन वाजलेला कळावा म्हणून बंद करायची. तुला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी फोन करायचे तेव्हा मागे टीव्ही मोठ्यानं चालूच असायचा.

कुलूप गंजलं होतं. आत धुळीवर कुणाचंही पाऊल नव्हतं. मेन स्विच खालीच. बॉक्सचा दिवा विझलेला.

मी सदफला फोन लावला. ती ऑफिसात लॉग उघडून बसली होती.

"काहीच नाही, ताई."

मग...

"थांबा. चालू झाला."

माझ्यासमोरचा पडदा काळाच होता.

"भजनाचं चॅनल लागलं. तुम्ही लावलं का?"

रिमोट कपाटात होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं. मीच ठेवला होता तसा.

"आता..." सदफचा आवाज बारीक झाला. "आता आवाज बंद केला..."

आणि सगळंच बंद झालं.

रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी ऐकू येईना. हाजराबीच्या कोंबड्या ऐकू येईनात. सदफचा आवाज नाही. माझा स्वतःचा श्वाससुद्धा नाही.

त्या खोलीत कुणीतरी कान देऊन बसलं होतं.

चावी मी हाजराबीलाच परत दिली. दादाला कळवलं की ती नव्हती. मग कोण, असं त्यानं विचारलं. तक्रार अजून उघडीच आहे.

त्या दिवसापासून लॉग कोरा आहे. दर रविवारी मी तो उघडून बघते. बॉक्स चालू होत नाही.

मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

सदफ म्हणते, त्या वेळी तिला फोनवर काहीच ऐकू आलं नाही. पण त्या शांततेत मी बोलले होते. आई असताना जे कधी तोंडातून काढलं नाही ते, मोठ्यानं.

"आई, त्याचा फोन येणार न्हाई. त्याच्या मनानं तो कधीच आला न्हाई. दर रविवारी मी त्याला आठवण करून द्यायची, तवा तो तुला लावायचा. आता मी सोडलंय ते. नको वाट बघू. टीव्हीचा आवाज वाढव, आई."