सगळे चेंडू फोरहँडलाच का?

"तुला कधी कुणी आवडलंय का रे, की तुला फक्त चेंडूच परत करता येतात?"

विचारून झालं आणि तिला वाटलं, आता धरणीने पोटात घेतलं तर बरं!

कारण प्रश्न तिचा नव्हताच मुळी. तो होता तिच्या मैत्रिणींचा, डावरीचा आणि लांबडीचा. तिघी टेनिस खेळणाऱ्या, गावोगावच्या छोट्या छोट्या स्पर्धांना एकत्र जाणाऱ्या, एकाच खोलीत राहून एकाच साबणाने कपडे धुणाऱ्या. आणि तिघींचा एक कायदा होता: सोमवारी जागतिक क्रमवारी लागली की जिचा नंबर सगळ्यात जास्त घसरेल, तिने बाकीच्या दोघी सांगतील ते निमूट करायचं. या सोमवारी ती घसरली होती. सहाशे बारावरून थेट सहाशे चाळीसवर! म्हणून आता त्या दोघी कुंपणाच्या जाळीपलीकडे टॉवेलात तोंड खुपसून खिदळत होत्या, आणि ही इकडे लालबुंद.

नेटपाशी उभा होता भिंत. मुलींनीच ठेवलेलं नाव. क्लबाने त्याला खेळाडूंना सराव द्यायला ठेवलं होतं, आणि तो होताच तसा… कुठेही मारा, कसाही मारा, चेंडू परत आलाच म्हणून समजा.

त्याने हातातला चेंडू खिशात घातला. परत काढला. परत घातला.

"शनिवारी मॅच आहे ना तुझी?"

"आहे. मग?"

"मॅच झाली की सांगतो."

"आणि हरले तर?"

"तरी सांगतो." मग रॅकेटच्या तारा उगाचच सरळ करत तो म्हणाला, "पण तू हरणार नाहीस."

बाई गं! असं कुणी बोलतं का? तिला कुणी कधी असं म्हटलंच नव्हतं. तिला फक्त एकच गोष्ट विचारायचे सगळे: नंबर किती? काका विचारायचे, शेजारी विचारायचे, दात तपासताना डॉक्टरसुद्धा! आणि "सहाशे" म्हटलं की लोकांचा चेहरा असा व्हायचा, जणू काही ती नापास झाली आहे. अरे, जगात सहाशे चाळिसावी! तुम्ही कशात तरी आहात का सहाशे चाळिसावे? जांभया देण्यात तरी? सामना संपल्यावर बाबांचासुद्धा पहिला प्रश्न तोच. 'कशी खेळलीस' हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

आणि वागवायचे तरी कसे! पुरुषांना पुढची गुळगुळीत कोर्टं, हिला सगळ्यात मागचं, जनरेटरशेजारचं. चेंडू उचलायला कुणी नाही, आपणच पळायचं, आपणच वाकायचं. पाच वाजले की क्लबाचे मेंबर पांढऱ्या हाफपँटी घालून हजर… "चला मुलींनो, आटपा, आमची खेळायची वेळ झाली!"

आमची खेळायची. आणि ही काय, झोके घेत होती?

शनिवारचा सामना मात्र साधा नव्हता. मुख्य स्पर्धेत शिरायला आधी पात्रता फेरी जिंकावी लागते, ती ही फेरी. मागच्या वेळी हरून ती फोनवर रडत होती, तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, "आत गेलीस तर खेळ वर्षभर. नाहीतर घरी यायचं, शाळेत खेळाच्या बाईंची जागा रिकामी आहे, मी बोलून ठेवलंय." आणि आईबाबा दोघं मुद्दाम तिला बघायला येणार होते. म्हणजे, घेऊन जायलाच.

तो आठवडा मात्र कसा गेला म्हणून सांगू! रोज सकाळी नवा डबा उघडला की फस्स आवाज व्हायचा, नव्या चेंडूंचा तो रबरी, करकरीत वास यायचा, आणि पलीकडून भिंत मान हलवायचा. मग काय… तिचा फोरहँड, उजवीकडचा फटका, असा सुटायचा! ठोक, ठोक, ठोक. तिलाच तिचं नवल वाटायचं.

"चांगली खेळतेयस," तो म्हणायचा.

"भिंत बोलायला लागली की काय?"

"कधीकधी बोलते. माणूस बघून."

रात्री लांबडी म्हणाली, "अगं, तू झोपेत हसतेस." तिने तिला उशी फेकून मारली. फोरहँडनेच!

आणि शनिवारी ती हरली.

नुसती हरली नाही, धुतली गेली. समोरच्या ठेंगणीने पहिल्या दोन गेममध्ये तिची कच्ची बाजू ओळखली आणि मग सगळे चेंडू तिच्या डावीकडेच टाकले. बॅकहँड, बॅकहँड, बॅकहँड. तो काही केल्या लागेचना. हातच विसरला होता! आणि बाकावर बसून घाम पुसता पुसता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला… आठवडाभर आपल्या बॅकहँडला चेंडू आलाच कुठे?

रडायचं राहिलंच बाजूला. ती तरातरा निघाली. भिंत मागच्या कोर्टावर चेंडू गोळा करत होता.

"सगळे फोरहँडलाच का टाकत होतास?"

त्याच्या हातातली बादली कलंडली. चेंडू चहूकडे.

"बोल ना! एरवी बोलता येतं की!"

"तू… फोरहँड नीट लागला की हसतेस," तो कसाबसा म्हणाला. "डोळे मिटून. तुला माहीत नसेल. मग माझा हात आपोआप तिकडेच…"

"म्हणजे माझ्या हसण्यापायी माझी मॅच घालवलीस?"

"चुकलं."

"कीव आली होती माझी?"

"कीव?" आता तोही चिडला. "कीव आली असती तर सगळ्यांनाच सोपे टाकले असते. लांबडीला विचार, रडवतो मी तिला!"

"मग मलाही रडवायचंस ना! गोडगोड चेंडू नकोत मला. तू तरी खरं मारायचंस!" तिने रॅकेट उचलली. "हो तिकडे. बॅकहँड. आत्ताच्या आत्ता."

आणि त्याने मारलं. काही म्हणजे काही दया नाही! खोल, तिरपे, फिरकीचे. ती पळाली, घसरली, गुडघा खरचटला. पाच वाजले, पांढऱ्या हाफपँटी आल्या.

"चला, आमची खेळायची वेळ—"

"काका, मी काम करतेय," ती मागे न बघता म्हणाली. "थांबा जरा."

आणि काका चक्क थांबले.

मग एक बॅकहँड लागला. काय लागला! रेषेला चाटून सणसणत गेला, आणि भिंतीला परत करता आला नाही. पहिल्यांदाच. तो तसाच उभा, तिच्या तोंडाकडे बघत.

"हसलीस," तो म्हणाला. "बॅकहँडलासुद्धा हसतेस की!"

ती धापा टाकत नेटपाशी आली. "उत्तर राहिलंय तुझं."

"आवडलीय एक," तो म्हणाला. कान लाल, पण नजर हलली नाही. "बॅकहँड अगदीच भिकार आहे तिचा."

"सुधारेल," ती म्हणाली आणि नेटवरून त्याचा हात धरला. "शिकवणारा सरळ वागला तर."

"वागेन. रोज रडवेन."

कुंपणाच्या जाळीपलीकडे आईबाबा केव्हाचे उभे होते. बाबांच्या हातात तिची बॅग, भरलेली. ती त्याचा हात न सोडता, त्याला ओढतच, तिकडे गेली.

"बाबा, त्या शाळेला कळवा, दुसऱ्या बाई शोधा. मी घरी येत नाहीये."

"अगं, पण आपलं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं. मी रडत होते म्हणून हो म्हटलं. आज बघा, रडतेय का?"

"आणि हा कोण?" आईने विचारलं. तिची नजर थेट हातांवर.

"हा माझा बॅकहँड दुरुस्त करणार आहे. आणि मला आवडतो. दोन्ही एकदमच ऐकून घ्या, पुन्हा सांगायचा धीर होणार नाही मला."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "याचा नंबर—"

"बाबा!" ती अशी कडाडली की मागचे काकाही दचकले. "मी अजून वर्षभर खेळणार, नंतरचं नंतर बघू. आणि आजपासून आपल्या घरात नंबर विचारायचा नाही. 'कशी खेळलीस' असं विचारायचं. करा सुरुवात. आत्तापासून!"