दहावा

लेशेक, दार नीट ओढून घे, वारा येतोय. इडा, तू शेगडीजवळ सरक. उद्या तुम्ही दोघं गेरार्डची गाडी घेऊन पहिल्यांदाच पाहुण्यांना वर नेणार, खाणीवरच्या छावणीचं स्मारक दाखवायला, म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी काढत नाही. तुमच्या काकूला आवडत नाही. तिच्या सख्ख्या भावाची, गेरार्डची आहे.

गेरार्ड कसा माणूस, ते तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षं घाटात गाडी चालवली, साधा आरसा फुटला नाही. पण एक खोड. निघताना काही विसरलं आणि परत फिरावं लागलं, की पठ्ठ्या अपशकुन टळावा म्हणून आधी बूड टेकणार, मोठ्याने दहापर्यंत मोजणार आणि मगच उठणार. हसू नकोस इडा, तुझी आईसुद्धा मोजते. आपल्याकडे कोण मोजत नाही? तुमची काकू त्याला चिडवायची, "लग्नात अंगठी घरी राहिली, तेव्हाही बसून मोजत होतास. नवरी चर्चच्या दारात ताटकळली." तो म्हणायचा, "पण टिकली ना बायको? मग झालं तर."

तर साल दोन हजार सतरा. तेवीस फेब्रुवारी, गुरुवार. उपासाच्या दिवसांआधीचा तो गोड गुरुवार, त्यामुळे बेकऱ्यांबाहेर तळलेल्या गोड पोंचकीसाठी ही रांग. गेरार्डने खोकंभर घेतली होती, आत गुलाबाचा मुरंबा. गाडीत सहा-सात परदेशी माणसं. त्यांच्यात हॉलंडची एक म्हातारी होती, हेनी बाई. महायुद्धात जर्मनांनी तिच्या बापाला एकापाठोपाठ तीन छावण्यांत फिरवलं होतं. त्यातली ही शेवटची. इथून तो परत गेला नाही. बाई आठवडाभर त्याच वाटेने प्रवास करत होती, कुणाशी फारसं बोलत नव्हती.

पाच वाजता सगळे गाडीत बसले. दिवस मावळत आला होता. खोकं उघडलं, जो तो कोटावरची साखर झटकतोय, आणि हेनी बाईंच्या लक्षात आलं की काठी राहिली. हजेरीच्या मैदानाच्या कडेला ती दगडी पायरी आहे ना, तिथे त्या टेकल्या होत्या. गाडीपर्यंत सोबतच्यांनी त्यांना धरून आणलं होतं, पण काठीवाचून पुढे चालता येत नव्हतं.

फाटकावर स्मारकाची राखणदार ब्रोनिया होती, कुलूप हातात घेऊन.

"काठीच ना? जा, आण. मी उघडं ठेवते," ती म्हणाली. मग मागून हाक मारून सांगितलं, "आणि गेरार्ड, तुझं ते बसणं-मोजणं तिथे नको हं. गाडीत येऊन मोज."

हे तुम्हीही लक्षात ठेवा. तिथली माणसं मैदानावर काही मोजत नाहीत. शाळेची सहल आली तरी पोरं फाटकाबाहेर मोजायची. का, ते कुणी सांगणार नाही. पण त्या मैदानावर काय चालायचं, ते तुम्ही जाणताच. संध्याकाळी खाणीतून आणलं की माणसं रांगेत उभी करायची आणि मोजायची. ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा, तोही जर्मनमध्ये, येत असो वा नसो. आकडा जुळेपर्यंत सुटका नाही. कधीकधी रात्र जायची. वाटेत मेलेलासुद्धा दोघांनी बगलेत धरून उभा करायचा.

गेरार्ड आत गेला. बर्फ पडायला लागला होता. वारा नव्हता. पायरीला काठी टेकलेली होती, ती त्याने उचलली. आणि मग सवय, पोरांनो. ब्रोनियाचं बोलणं कानात होतं, असं तो मला म्हणाला. पण पुढे घाट, रस्त्यावर बर्फ, गाडीत माणसं. मन घेईना. बसला पायरीवर आणि म्हणाला मोठ्याने. एक, दोन, तीन... दहा. आपल्याच भाषेत.

उठणार, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "एल्फ."

अकरा.

ओरडून नाही. थकलेला माणूस बोलतो तसं. मग बारा, दुसऱ्या आवाजात. तेरा. आकडा रांगेरांगेने पुढे गेला. पार भिंतीपर्यंत. तिथून वळला. गेरार्डची आजी घरात जर्मन बोलायची, त्याला सगळं कळत होतं. मध्येच कुणी खोकलं. तीनशेच्या वर गेला आकडा, आणि थांबला.

त्याने वळून पाहिलं. बर्फ पडत होता. मैदान रिकामं.

मग पुन्हा पहिल्यापासून. एक. अगदी त्याच्या डाव्या हाताशी. दोन. तीन. नऊपर्यंत नऊ निरनिराळे आवाज. आणि गप्प.

दहावा त्याचा होता.

तो बोलला नाही. उठला. काठी घट्ट धरली आणि फाटकाकडे चालू लागला. समोर दिवा दिसत होता. गाडी दिसत होती, काचा वाफेने भरलेल्या. मागे परत सुरू झालं. एक... दोन... तो भरभर चालला. नऊ.

गप्प.

पाय थांबले.

"तेओफिल," तो मला म्हणाला, "मला कुणी धरलं नव्हतं रे. धरलं असतं तर हिसडा दिला असता. ती सगळी माझ्यासाठी थांबलीत, एवढंच कळत होतं. त्यात पाऊल उचलेना."

त्याने ब्रोनियाला हाक मारली. ती इकडेच पाहत होती. हातावर फुंकर मारली, पाय आपटले, कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. ऐकू गेलं नाही. तो पुन्हा ओरडला. घसा फुटेल असं.

मागे परत एक. दोन.

नऊ.

गप्प...

असं किती वेळा, ते त्याला सांगता आलं नाही. अंधार झाला. गार एवढं की काठीवरची बोटं सुटेनात. दरवेळी नऊ आवाज आणखी हळू. कुणाचा तरी तोल जात होता, बर्फात पाऊल घसरल्याचं ऐकू यायचं. शेजारचे सावरायचे. परत पहिल्यापासून. गेरार्डला तेव्हा भीतीपेक्षा लाज वाटायला लागली, म्हणाला. आपण बोलत नाही, आणि ते उभे आहेत.

मग कानाशी कुणीतरी बोललं. कोवळा आवाज. जर्मन नव्हे, आपलीच बोली, खालच्या गावांत बोलतात तशी.

"म्हण ना रे दादा. पाय राहिले नाहीत आमचे."

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ.

...

गेरार्ड म्हणाला, "त्सेन."

दहा.

अकरा आलं. बारा. आकडा पळत सुटला, रांगेरांगेतून, भिंतीपर्यंत, परत, तीनशेच्या वर, आणि शेवटी एक आकडा आला, त्याच्यापुढे काही नाही. एवढी सगळी माणसं एकदम श्वास सोडतात तसा आवाज. मग लाकडी तळव्यांचे बूट. दूर जाणारे... मग तेही नाहीत.

तो फाटकाशी आला तेव्हा ब्रोनियाच्या लेखी पाच मिनिटंही झाली नव्हती. ती म्हणाली, "आणलीस? बरं झालं. का रे, चेहरा असा का?" त्याने काठी गाडीत दिली. पाहुण्यांना हॉटेलवर सोडलं. हेनी बाईंना हाताला धरून उतरवलं. आणि स्वतःच्या घरी न जाता इथे आला. तू बसली आहेस ना इडा, तिथेच, शेगडीला चिकटून बसला. मला सगळं सांगितलं. मी त्याला ब्रँडी दिली, तुमच्या काकूने पांघरूण दिलं. रात्रभर बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही तिघं जागे होतो. तो कुठेही गेला नाही, एवढं मी शपथेवर सांगतो.

उजाडताना त्याने विचारलं, "तेओफिल, मी बाहेर आलो ना रे?"

"हा काय समोर बसलायस," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. त्या दिवसानंतर त्याने गाडीला हात लावला नाही.

आठ वाजता ब्रोनियाचा फोन आला. म्हणाली, जरा वर ये, एकटाच ये.

मैदानात गुडघाभर बर्फ होता. कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. पायरीपासून थोडं पुढे मात्र दोन बुटांच्या जागा उघड्या होत्या, शेजारी शेजारी, खालच्या खडीपर्यंत. खडी कोरडी. फाटकाकडे निघालेल्या माणसाचे चवडे फाटकाकडे असायला हवेत. हे आत वळलेले होते. भिंतीकडे तोंड करून, पाय जुळवून उभं राहावं, तसे.

ब्रोनियाने फावडं आणलं आणि त्यांच्यावर बर्फ ओढला. आम्ही पाहत राहिलो. वरून बर्फ पडतच होता. फावड्यावर साचत होता, माझ्या टोपीवर साचत होता.

त्या दोन जागा पुन्हा उघड्या झाल्या.