बांधावर चालताना

नोव्हेंबरची सकाळ होती. अड्याळच्या तलावावर धुकं इतकं दाट, की पलीकडचा काठ दिसत नव्हता... आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाशी, एका दगडावर बसून, मी धापा टाकत होते.

"पाय मुरगळला का जी?"

धुक्यातून एक धावणारा मुलगा येऊन थांबला. उंच, काटक, घामेजलेला.

"नाही. थकली मी."

"किती फेऱ्या झाल्या?"

"अर्धी."

तो हसला, पण मला नाही. "मंग उरलेली अर्धी सोबत चालू. मले बी दम खायले बहाणा पाहिजे."

तो खेमराज. आंबागडचा, इथं मावशीकडे राहून पोलीस भरतीसाठी धावायचा. मी रंजू, बावीस वर्षांची, एकोणऐंशी किलोची. नवव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. नागपूरला तीन वर्षं औषधं चालली. आजार गेला, वजन राहिलं, आणि आईची भीती राहिली. "धावू नको, बाई. बस तू." शाळेत खेळाच्या तासाला मी सगळ्यांच्या चपला राखायचे. यंदा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या औषधांनंतर हृदय सांभाळायचं असेल तर बसून राहू नको. रोज चाल." म्हणून मी बांधावर येऊ लागले होते.

खेमराजला यातलं काही सांगितलं नाही.

तो रोज चार फेऱ्या धावायचा, पाचवी माझ्याबरोबर चालायचा.

"इतकी हळू काहून चालते?"

"तू लवकर घरी जाऊ नये म्हणून..."

त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्यापेक्षाही हळू चालला!

जानेवारीत एकदा तो चालता चालता थबकला. "आईले पाठवू का तुह्या घरी?"

"खेमराज... मले लहानपणी कॅन्सर झाला होता."

तो माझ्याकडे वळला. "अन् आता?"

"आता नाही. दहा वर्षं झाली."

"मंग झालं ना. संपलं."

किती सहज म्हणाला! त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

रविवारी त्याची आई, सखाबाई, त्याला घेऊन आली. आजाराचं त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. मग माझ्या आईला विचारलं, "लेकरं होतील ना जी हिले?"

"होऊ शकतात म्हणतात डॉक्टर."

"होऊ शकतात... म्हंजे पक्कं नाही."

अर्धा चहा ठेवून ती उठली. खेमराज मान खाली घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघत होते. एक शब्द... फक्त एक. तो उठला आणि आईमागं निघून गेला.

पुढं दोन महिने तो बांधावर आला नाही. मी जात राहिले. अर्ध्यावर बसणं सुटलं. पाय चालत होते, मन मात्र कुठंच जात नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी तो उभा दिसला, खांद्याला बॅग. भरतीत नाव लागलं होतं; नऊच्या गाडीनं प्रशिक्षणाला निघाला होता.

"चालू का सोबत?"

"चाल."

पूर्ण फेरी चालून झाली. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी आईपुढं मी बोलाले पाहिजे होतं."

"हव. पाहिजे होतं."

"आता बोललो तर?"

"आता तू माह्यापाशी बोलून राहिला, खेमराज. आईपाशी नाही."

त्याचे डोळे भरले. "मले तू लय आवडते, रंजू."

"मले बी..." मी त्याच्या खांद्यावरची बॅग सरळ केली. "जा. गाडी जाईल."

तो हळूहळू चालत गेला, मी हाक मारीन म्हणून. मी मारली नाही.

आई दारात असणार, माझा चेहरा बघणार. रडणं घरी न्यायचं नव्हतं. मी वळले आणि पुन्हा चालायला लागले. रडून होईपर्यंत पुरेल एवढा तो बांध लांब होता.

"इतका उशीर काहून?" आईनं विचारलं.

"आज दोन फेऱ्या झाल्या."

आई हसली... कितीतरी दिवसांनी.