टाळूवरची सुई

माझी मान डावीकडे अडकली होती, म्हणून तो मला दिसलाच नाही. धडकला मात्र उजवीकडून, आणि चांगला व्यवस्थित! त्याच्या हातातली कागदी पिशवी फाटली. गाजरं, रताळी, लसणाचे गड्डे फुटपाथभर घरंगळले आणि माझ्या पायाशी बसून कुणीतरी ते गोळा करू लागलं. मला ना खाली बघता येत होतं, ना उजवीकडे. मी डावीकडच्या बेकरीच्या काचेकडे बघतच म्हणाले, "सॉरी हं!"

"कधीपासून?" खालून आवाज आला. छान होता आवाज... उबदार, जरासा खर्जातला.

"काय कधीपासून?"

"मान."

"काल सकाळी उठले ती अशीच."

"खिडकी उघडी टाकून झोपलात ना? एवढ्या थंडीत?"

खरं होतं, म्हणूनच मला राग आला. "तुम्ही काय ज्योतिषी आहात?"

"अ‍ॅक्युपंक्चर करतो. या बेकरीच्या वरच क्लिनिक आहे. या की, पटकन होईल."

"म्हणजे सुया? छे, छे! मला सुयांची भयंकर भीती वाटते."

मग तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्या कॉलरला टाचण्या खोचल्यात... गळ्यात टेप आहे..."

"त्या मी लोकांच्या कपड्यांना टोचते. त्यात भिण्यासारखं काय आहे?"

तो हसला. मला ते हसू बघायचं होतं, पण मान! कुठली वळायला?

दुकानात आल्यावर मावशीला हे सांगितलं. शिवणाचं दुकान तिचं, मशीन तिचं आणि शेवटचा शब्दही तिचाच. "शिवणाऱ्या बाईला मान खाली घालता येत नसेल तर ती शिवणार काय? ढग?" म्हणाली आणि मला जवळजवळ ढकलतच बेकरीच्या जिन्यापर्यंत घेऊन गेली.

वरची खोली लहानशी, नीटनेटकी होती. पांढरी चादर, कोपऱ्यात हीटर, खिडकीत मातीची रिकामी कुंडी. तो माझ्या उजव्या बाजूला बसला, म्हणजे पुन्हा नुसता आवाजच! त्यानं माझा हात हातात घेतला. त्याची बोटं गरम होती.

"मान दुखतेय, हात नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे. मानेची सुई हातावर असते."

"म्हणजे दुखणं एकीकडे आणि—"

"झालं. टोचली."

मला कळलंही नव्हतं! भीतीनं घट्ट मिटलेले डोळे मी उघडले. तो म्हणाला, "आता सावकाश मान वळवा. जोर नको... कुणी हाक मारल्यावर वळतो ना, तशी."

मी वळवली. आधी खिडकी दिसली, मग हीटर, मग एक जाडजूड मफलर आणि त्या मफलरच्या वर तो. विस्कटलेले केस, काळजीनं गोळा झालेल्या भुवया, आणि भुवयांखाली असे काही डोळे, की मान तिथंच परत अडकते की काय असं मला वाटलं.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"मान नाही," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

मान दोन खेपांत बरी झाली. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही. आठवड्यातून दोनदा जिना चढत राहिले, आज खांदा, उद्या मनगट, परवा नुसताच थकवा. तो नाडी बघायचा आणि दरवेळी गंभीर व्हायचा. "फार जलद चालते. चहा कमी करा."

मी चहा निम्म्यावर आणला. नाडी काही ऐकेना.

सुया लावताना त्याचं प्रवचन चाले. थंडीत लवकर झोपावं, ऊन अंगावर आल्यावर उठावं, जमिनीखालचं खावं, गार वाऱ्यात मान झाकावी. नमनालाच घडाभर तेल! कुणी बाराही महिने आइस्क्रीम खातं म्हटलं की त्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा व्हायचा. मावशीनं त्याचं नाव 'कॅलेंडर' ठेवलं होतं. तो मला 'टाचणीबाई' म्हणायचा आणि मी चिडल्याचं नाटक करायचे. एकदा त्याच्या कोटाचं बटण तुटलेलं दिसलं तर मी तिथंच लावून दिलं. दोरा दातानं तोडायला वाकले आणि तो श्वास घ्यायचाच विसरला. माणसाचं काळीज जवळून एवढं ऐकू येतं, मला माहीत नव्हतं.

पण मनातलं बोलत काही नव्हता. एक अक्षर नाही!

मग एका नाटक कंपनीचा फोन आला. बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर मोठं थिएटर, कपडेपटाचं सगळं काम माझ्या हाती. लहानपणापासून मी हेच मागत होते. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

गुरुवारी मी त्याला सांगितलं. हातात सुया, पायात सुया, आणि मन शांत राहावं म्हणून एक डोक्याच्या मधोमध, टाळूवर. त्याचा हात हवेतच थांबला.

"थंडीत... नवीन काही सुरू करू नये," तो म्हणाला. "बी जमिनीखाली असतं. वसंत आला की... म्हणजे, काही गोष्टी तेव्हाच बोलाव्यात."

"कुठल्या गोष्टी?"

"...अशाच. सर्वसाधारण."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला जाऊ नको म्हणतोय, की जा म्हणतोय, की रताळी खा म्हणतोय? "काढा सुया. मला काम आहे," मी म्हणाले. त्यानं घाईघाईनं सुया काढल्या आणि मी दार आपटून निघाले.

रस्त्यात सगळेच माझ्याकडे बघत होते. बेकरीवाली तर पाव हातात धरून दारापर्यंत आली. रागात मी छान दिसते, असं मी समजले. दुकानात मावशी एका गिऱ्हाईक बाईंचं माप घेत होती. तिनं वर पाहिलं आणि टेप तिच्या हातातून सुटली. ती काही बोलणार, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली.

तो धावत आला होता. भुरभुर पावसात, बोचऱ्या वाऱ्यात, घरातल्या सपाता घालून. मफलर नाही, कोट नाही!

"हलू नका!" तो धापा टाकत म्हणाला. "सुई... टाळूवर राहिली. मी पलंगाखाली शोधतोय, चादर झटकतोय..."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली.

मी आरशात पाहिलं. ऐटीत उभी होती सुई. मन शांत ठेवत होती म्हणे! त्यानं ती काढली आणि तिथंच उभा राहिला.

"डॉक्टर, सुई विसरतेच कशी?" मावशीनं विचारलं.

"आजवर कधी विसरलो नव्हतो. आज लक्ष नव्हतं."

"फोन करायचा होतात. मी काढली असती."

"सुचलं नाही..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "फोन केला असता तर यांना बघता आलं नसतं."

गिऱ्हाईक बाई आपलं माप विसरून खुर्चीवर बसल्या.

"वसंतात बोलणार होतो," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. पण थंडीत सुरू केलेलं टिकत नाही, असं मी मानतो आणि..."

"तुमच्या खिडकीतल्या कुंडीत काय आहे?" मी विचारलं.

"लसूण."

"कधी लावलात?"

"तुम्ही धडकलात त्याच दिवशी. पिशवीतलाच एक..." तो थांबला. "चांगला वीतभर आलाय."

"थंडीत?"

तो हसला, आणि या वेळी ते हसू मला अगदी समोरून बघायला मिळालं.

"शनिवारी मी हो म्हणणार आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "कंपनीला," तो म्हणाला.

"कंपनीला शनिवारी. तुम्हाला आत्ताच म्हणतेय."

मावशीनं डोळ्याला पदर लावला आणि गिऱ्हाईक बाईंना विचारलं, "हं, कंबर किती सांगितली होतीत?"

रविवारी तो मला पोचवायला बसस्टँडवर आला. पाऊल वाकडं, चाल तिरपी. वारं बाधलं होतं आणि त्याची मान उजवीकडे पक्की अडकली होती!

"हातावर सुई टोचून घे ना," मी म्हणाले. 'अहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"टोचेन. उद्या."

"आज का नाही?"

तो बसमध्ये माझ्याआधी चढला, डावीकडच्या जागेवर बसला आणि उजवीकडची माझ्यासाठी ठेवली. पूर्ण प्रवासभर तो माझ्याकडेच बघत होता. नाइलाजानं, असं त्याचं म्हणणं आहे.